विनाकारण पायी

घाटंजी

तीर्थस्वरूप मैनाआत्यास,

निशिगंधाचा नमस्कार. खोकला आता कसा आहे? अडुळशाचा काढा घेतेस, की नुसता उकळून ठेवतेस? बंटीचा अभ्यास, म्हशीचे दूध, तुझी झोप, सगळे ठीक असेल असे धरून चालते. आमच्याकडेही सगळे बरे आहे. हे वाक्य सवयीने लिहिले गेले. माझे लग्न ठरल्याचे काल मला बाजारात वांगी विकणाऱ्या बाईकडून कळले. तेव्हापासून मी बसून आहे.

फोन केला असता. पण तुझा फोन नेहमी स्पीकरवर असतो आणि तू नेहमी ओट्यावर असतेस. (मागच्या खेपेला माझ्या पित्ताची चौकशी तुमच्या दूधवाल्याने केली होती.) म्हणून पत्र. रहमतचाचांचा इमरान उद्या बाभुळगावला येतो आहे, त्याच्या हाती देते.

मला नयनशी लग्न करायचे आहे आणि तुझ्या भावाला ते नको आहे, हे तुला दोन वर्षांपासून ठाऊक आहे. बाबांचा आक्षेप जातीला नाही, पत्रिकेला नाही, कामाला आहे. नयन नागपूर-अमरावतीच्या लोकांना टेकड्यांवर चालायला नेतो आणि त्याचे पैसे घेतो. त्यावरच त्याचे बरे चालते. पण पोरगा काय करते, असे कोणी विचारले तर बाबांना ‘चालते’ असे सांगावे लागेल, आणि ते त्यांच्या तोंडून निघत नाही. ‘सारा तालुका फुकट चालून राह्यला,’ ते आईला म्हणाले, ‘यानं वेगळं काय केलं?’ त्यानंतर त्यांनी त्याचे नाव घेतलेले नाही. आमच्या घरात तो ‘थो चालनारा’ आहे.

माझा बेत साधा होता. रविवारी सकाळी बाबा, नयन आणि मी गावाबाहेरच्या टेकडीच्या पायथ्यापर्यंत चालत जायचे आणि परत यायचे. चढायचे नाही. बाबांनी त्याला एकदा काम करताना पाहावे, एवढेच. घरात समोरासमोर बसवले असते तर बाबांनी टीव्ही पाहिला असता. वाटेवर टीव्ही नसतो. डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलेच आहे (बाबा पानठेल्यावरही मोटारसायकलने जातात), तेव्हा ते ‘पाहू’ म्हणाले. त्यांचे ‘पाहू’ म्हणजे होकार, हे तूच आईला तिच्या लग्नात सांगितले होतेस.

वाट तुझ्या ओळखीची आहे. आपल्या शेतांकडे जाते ती पांदण. आता तिच्या तोंडाशी पाटी लागली आहे, ‘बहुउपयोगी निसर्गपथ’, आणि पाटीवर चालणारा माणूस, सायकल आणि बैलगाडी यांची चित्रे आहेत. वाट होती तशीच आहे. तिच्यावरून कापसाच्या गाड्या जातात, शेळ्या जातात, टँकर जातो, आणि पाटी लागल्यापासून टोप्या घातलेले लोक काहीही न वाहता जातात. नयनने फोनवर मला तिथले नियम सांगितले. सायकलवाल्याने चालणाऱ्याला वाट द्यायची, चालणाऱ्याने जनावराला. मी फोन मुद्दाम स्पीकरवर ठेवला होता (तुझ्याकडूनच शिकले). आतल्या खोलीतून बाबा भिंतीला म्हणाले, ‘भरली गाडी असली तं बैल मांगं सरत नाही म्हना त्याले. ह्यानंच धुऱ्यावर चढा लागते.’ नयन म्हणाला, ‘बरोबर हाये काका.’ दोन वर्षांतले ते दोघांचे पहिले बोलणे. इथवर सगळे बेताप्रमाणे होते.

मग बाबा बाजारात रहमतचाचांच्या दुकानावर कापडी बूट घ्यायला गेले. (पुढचे मला चाचांनी सांगितले, आणि नंतर काही अनोळखी माणसांनीही. सगळ्यांचे तंतोतंत जुळते.)

‘भगवानभाऊ, बूट कायले?’

‘रविवारी टेकडीपावतर पायदळ जाऊन राह्यलो.’

‘गाडी बिघडली का?’

‘गाडी चांगली हाये.’

‘मंग पायदळ काहून?’

आपल्याकडे माणूस एक तर गाडी नाही म्हणून चालतो, नाहीतर नवस फेडायला चालतो. तिसरे कारण नयनच्या गिऱ्हाइकांकडे असते, पण ते बाजारात सांगण्यासारखे नाही. साखर म्हटले असते तर संध्याकाळपर्यंत गावाने बाबांचा पाय कापून ठेवला असता. एवढ्यात चाचांनी आवाज खाली आणला आणि विचारले, ‘मन्नत हाये का?’ आवाज खाली गेला म्हणून आजूबाजूचे दुकानदार जवळ आले. बाबा म्हणाले, ‘हो. पोरीचं जमलं.’

‘कोनासंगं?’

‘हाये एक. चालनारा हाये.’

त्यांना दुसरा शब्द सुचला नाही, एवढेच. पण जमलेल्यांनी त्याचा अर्थ ‘धंदा चालणारा’ असा घेतला. आता गावात नयनचे कसले तरी मोठे दुकान आहे आणि ते जोरात आहे. मी संध्याकाळी भाजीला गेले तर त्या बाईने पिशवीभर वांगी माझ्या हातात कोंबली आणि म्हणाली, ‘लगन ठरलं म्हन्ते ना तुहं. रोडग्याले लागतीन, माय.’ मला काही समजेना. घरी आले तर अंगणात गोवऱ्यांचा ढीग. शेजारच्या रामधनकाकांनी आणून टाकला होता आणि टेम्पोही सांगून ठेवला होता. नवस म्हटला की गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी, रोडगे म्हटले की सगळी गल्ली. तीन माणसांची सहल होती, आत्या. आता तिचे गावजेवण झाले आहे. शिवाय टेकडीच्या पायथ्याशी देव नाही. मी तिथे लहानपणापासून जाते, तिथे एक बोअर आहे. पण आता सगळ्यांना तिथे देव आठवतो आहे, आणि प्रत्येकाला वेगळा.

मी बाबांना विचारले, असे का सांगितले. त्यांनी बुटांचे खोके कपाटावर सरकवले. मग म्हणाले, ‘उगाच पायदळ जाची लाज वाटली मले.’ म्हणजे विनाकारण चालताना दिसण्यापेक्षा त्यांना माझे लग्न सोपे वाटले. मी म्हटले, मग सांगून टाका सगळ्यांना की तसे काही नाही. त्यावर ते माझ्यावरच चिडले. ‘देवाच्या नावानं खोटं बोलू का मी? नवस फेडून राह्यलो म्हन्जे थे झालंच पाह्यजे ना.’ आणि वांगी मोजायला गेले. दोन वर्षे मी या माणसाशी तर्काने बोलत होते.

मोठ्यांना नमस्कार, बंटीला आशीर्वाद. काढा पीत जा.

तुझी,
निशिगंधा

ता. क. नवस कोण बोलले, असेही चाचांनी विचारले होते. बाबांनी तुझे नाव सांगितले. तेव्हा रविवारी सकाळी ये आणि विचारणाऱ्याला ‘हो’ म्हण. देव तुझ्या पसंतीचा सांग. तू म्हणशील तो सगळ्यांना पटेल.

आणखी एक. पत्र बंद करता करता आई आली. जी नवस बोलली तिनेच पायी जायचे असते, असे गल्लीचे मत पडले आहे. बाकी सगळे टेम्पोने, बाबासुद्धा. आईने विचारले, मैनाबाई टेकडीपर्यंत एकट्या कशा येतील? बाबा वांग्यांतून मान वर न काढता म्हणाले, ‘एकटी काहून? नयन हाये ना संगं. त्याचं कामच हाये थे.’

त्यांनी नाव घेतले. आत्या, चालशील ना?