कोरी नळी

१२ जुलै
पुन्हा लाल! कोरी नळी पुन्हा लाल!

पाण्यात शिसं असलं की लाल व्हायचं, एवढंच तर आम्ही या जंतूंना शिकवलंय. एका नळीत मुद्दाम स्वच्छ पाणी घालतो, ती पांढरी राहायला हवी. तीच सगळ्यात आधी लालभडक! डोकं फिरलंय नुसतं.

मदतनीस डुगलने नळ्या धड धुतल्या नसणार, दुसरं काय! तसं तोंडावर सांगितलं, तर म्हणाला, "तीनदा धुतल्यात, बाई. माझ्या नावाने खडे फोडू नकोस."

१३ जुलै
नव्याकोऱ्या नळ्या. लाल.

१७ जुलै
नेरिडाने सगळ्यांसमोर झापलं. साहेबीण ना ती! "शुक्रवारी शिशाच्या भट्टीजवळचे लोक बोअरचं पाणी घेऊन येणार. चांगल्या पाण्यालाही विष म्हणणारे जंतू दाखवू त्यांना? जमत नसेल तर गाशा गुंडाळ."

चार वर्षं घातलीत मी यात! त्या लोकांना आपलं पाणी घरीच तपासता यावं म्हणून!

वर म्हणे, "स्वच्छ पाणी आणतेस कुठून?" माझ्या टाकीतून! छपरावरचं पावसाचं पाणी, भट्टीपासून चाळीस किलोमीटर लांब. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने जंतू मरतात, मग काय करू? म्हणाली, दुकानातली बाटली आण. विकतचं पाणी! घरी टाकी असताना! सासरे ऐकतील तर आठवडाभर हसतील.

१८ जुलै
मुसळधार. सासरे खुशीत. गेल्या वर्षी छपरावरच्या धुराड्याभोवती शेडमधले जुने पत्रे त्यांनीच ठोकले. माझ्या विनीला कडेवर घेऊन छताकडे बोट — "बघ बाळा, आजोबांचं काम! थेंबही गळत नाही!"

मला मात्र कशाचंच कौतुक वाटेना.

१९ जुलै
आज लाल आणखी गडद. डुगलवर इतकी ओरडले की तो डबा तसाच टाकून निघून गेला. जाऊ दे!

२० जुलै
नेरिडाचं तोंड बंद करायचं म्हणून बाटली आणली. नळी पांढरी. शेजारच्या मॅव्हिसच्या टाकीचं पाणी घातलं. पांढरी.

घरी आले, शिडी लावली. धुराड्याजवळचा पत्रा नखाने खरवडला. मऊ. चकाकता ओरखडा उठला.

शिसं.

२१ जुलै
डुगलची माफी मागितली फोनवर. लोकांना आज चाचणी तोच दाखवेल. जंतू पहिल्या दिवसापासून खरं सांगत होते.

दवाखाना नऊला उघडतो. विनीचं रक्त तपासायचंय. आठ महिने तिची दुधाची पावडर मी याच टाकीच्या पाण्यात कालवतेय.