एका दिवसासाठी उसना दिलेला देव

१८ नोव्हेंबर १९५५
सापडला! माहुलला गेले होते ती कारखान्याच्या नव्या रस्त्यात जुनी खापरं निघाली म्हणून. खापरं कसली, कौलांचे तुकडे. वैतागून परत फिरले तर खाडीकाठच्या खाजणाच्या बांधावर कमरेएवढा दगड. शेंदराने माखलेला, वर चंद्र-सूर्य. नमस्कार केल्यासारखं करून खाली हात फिरवला. खाचा! रांगेत! अक्षरं आहेत!
मागून एक कोळीण म्हातारी, "देवाला गुदगुल्या करतंस काय, बाय?" चांगुणाआजी नाव तिचं. काय उत्तर देणार, कपाळ!
वाकोल्याला घरी आले तर बोटं लालभडक. आईला वाटलं, पोरगी एकदाची देवळात जाऊन आली.

१९ नोव्हेंबर
म्युझियममध्ये क्युरेटरसाहेबांना सांगितलं. त्यांचा चहा थंड झाला. म्हणाले, शिलालेख असेल तर आणा, मग वाचायचाही तुम्हीच. मी! एम.ए. होऊन दोन वर्षं नाण्यांच्या चिठ्ठ्या लिहितेय, आणि आता आख्खा लेख, माझा. लगेच दुसरा प्रश्न, देणारा कोण? विकत, भेट की उसना, कागदावर मालक लागतो. इथे दगड स्वतःच देव. त्याचा मालक कुठून आणू?

२ डिसेंबर
माहुल. बांधावर चुन्याची रेघ मारलीय. रस्ता देवावरूनच जाणार. गावात दोन तट. काही म्हणतात गावात दुसरीकडे बसवू, काही म्हणतात हलवायचाच नाही. मी मध्येच तोंड घातलं, आमच्याकडे द्या, जपून ठेवू. मग हिराजी भगत म्हणाला, "देव आमचा, पन आमी मालक नाय. त्यालाच इचारू."

११ डिसेंबर
आज कौल लावला. तगरीच्या दोन कळ्या ओल्या करून दगडाला चिकटवतात. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही.
पहिला प्रश्न, गावात दुसरीकडे बसशील? डावी टपकन पडली.
दुसरा, या बायच्या म्युझियमात जाशील?
शिलालेखशास्त्राची मी पदवीधर बाई, डोळे मिटून 'उजवी, उजवी' करत उभी! किती वेळ गेला कोण जाणे. मग बायका एकदम पुटपुटल्या. डोळे उघडले.
उजवी!!
अट एकच. चैत्री पुनवेच्या जत्रेला देव दिवसभर गावात हवा, दर वर्षी. मी हो म्हणून मोकळी. साहेबांना विचारायचं राहिलंच.

१२ डिसें.
साहेब भडकले. वस्तू म्यु.ची झाली की म्यु. ती दुसऱ्या म्यु.ला उसनी देतं, जत्रेला नाही. तिथे विमा कोण उतरवणार, पहारा कोण ठेवणार? अर्धा तास ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, एक दिवस, तुम्ही सोबत, संध्याकाळी परत, आणि शेंदराचं बोट लागता कामा नये. चालेल! काय वाटेल ते चालेल!

९ जानेवारी १९५६
देव आला. ट्रकमध्ये खाली पेंढा, वर गोधड्या, बाजूला माझी बैठक. गावातून निघताना बायका रडल्या. मला हसू आवरेना, मग लाज वाटली. तरी आज मी जाम खूश आहे.

१४ फेब्रुवारी
शेंदूर निघाला. आमच्या रसायनवाल्या गोखल्यांनी लाकडी पट्टीने आठवडाभर हळूहळू पोपडे काढले. खाली काळाभोर स्वच्छ दगड, जुन्या नागरीत नऊ ओळी. ओला कागद थोपटून शाईचा ठसा घेतला. गोखले म्हणे, कुमुदताई, श्वास घ्या.

३ मार्च
लागला! जेवण राहिलं तरी चालेल, लेख लागला! बांधाखालची जमीन गावच्या देवाला दिली, चंद्र-सूर्य आहेत तोवर. जो ती हिरावेल त्याचा वंश बुडेल. म्हणजे हा नुसता दगड नाही, सातबारा आहे! साहेबांनी चक्क पाठ थोपटली. लेख छापायला पाठवायचा म्हणतात. आईने शिरा केला.

१८ मार्च
चांगुणाआजी म्यु. बघायला आली, नातवाला घेऊन. दगडावरून एकदा हात फिरवला. मग हळूच, "उघडा केलास गं." वाईट वाटलं. म्हणून भरभरून सगळा लेख वाचून दाखवला, ओळ न् ओळ. तिने नीट ऐकलं. म्हणाली, "म्हंजे तो आमची जमीन राखत व्हता. मंग हितं तो कोनाची राखन करतो?"
मी नातवाला नाणी दाखवायला घेऊन गेले. ती गेल्यावर डोक्यात आलं, ही आता गावभर सांगणार.

२४ एप्रिल, चैत्री पौर्णिमा
माहुल. ट्रकच्या पायरीवर बसून लिहितेय.
सकाळी वेशीवर ताशा लावून वाट बघत होते. पोरांनी ट्रक ओढायचाच बाकी ठेवला. मीही त्यांच्याबरोबर ओरडले, घसा बसलाय. बायकांनी शेंदूर आणला. साहेबांची अट आठवली आणि मी दुसरीकडे बघत राहिले. तासाभरात देव पुन्हा लाल. इतका झकास दिसतोय!
रस्ता बांधाच्या अलीकडेच थांबलाय, देवाची जमीन म्हणून गावाने अडवलाय. पलीकडे नवा चौथरा. गावानेच बांधलाय, चुना अजून ओला. मी विचारलं, हा कशाला? पोरं हसून पळाली.
पाच वाजले. ड्रायव्हर हॉर्न मारतोय. हिराजीला म्हटलं, आता उचलायला हवा. तो शांतपणे म्हणाला, "जाताना इचारलं व्हतं ना बाय? मंग आता बी इचारू. लेख तूच वाचलास."
खरंय. मीच वाचला.
कळ्या लावल्यात. प्रश्न एकच, म्युझियमात परत जाशील? सगळं गाव कळ्यांकडे बघतंय. डावी पडली तर साहेबांना काय तोंड दाखवू? नोकरी गेलीच, छापायचा लेखही गेला. उजवी पडली तर चांगुणाआजीकडे कशी बघू?
मागच्या खेपेला 'उजवी, उजवी' करत होते. आत्ताही ओठ हलताहेत, पण काय मागतेय ते माझं मलाच कळत नाही.
हिराजी हाक मारतोय, जवळ ये. जाते.