अरुंद गाडी

१४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तू बरी असशील, भावोजी बरे असतील, आणि तुमच्या मांजरीची पिल्लं आता घरभर हुंदडत असतील. इकडे आम्ही दोघं ठीक. पडदे शिवायचं काम भरपूर आहे, आणि पेपर वाचता वाचता घोरण्याचा ह्यांचा उद्योग नेमाने चालू आहे. फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोन तू मध्येच ठेवून देतेस म्हणून.

मोठी बातमी अशी की या वयात मी गाडी शिकले आणि आता गाडी घेतेय. लहानशीच. हसू नकोस! परवान्याच्या परीक्षेत मी पहिल्याच फटक्यात पास झाले. हे दोनदा नापास झाले होते, त्यामुळे सध्या घरात जरा शांतता आहे.

गेले काही रविवार आम्ही शोरूमच्या पायऱ्या झिजवतोय. मी गळ्यातली टेप घेऊनच जाते. पांढऱ्या गाडीत मागे ऐसपैस जागा, तिघांनी बसून चौथ्याला हाक मारावी इतकी. पण पुढची सीट एवढी खाली की बसलं की गुडघे हनुवटीशी येतात. आईला त्यातून उठवायला क्रेन मागवावी लागेल. निळीची सीट अशी मऊ की माणूस नुसता आत आत जात राहतो, आणि थोड्या वेळाने कंबर बोलायला लागते. तिसरी हळदी रंगाची. हिची सीट घट्ट, आणि उंची अगदी आईच्या बेताची. वाकायला नको, चढायला नको, नुसतं टेकायचं आणि पाय आत घ्यायचे. मागे मात्र अरुंद आहे. डिकी म्हणजे तर पावाचा डबा.

शोरूममधल्या बाई मला सारख्या पांढरीकडे ओढत होत्या. ‘‘मॅडम, हिच्यात खांद्याला खांदा लागत नाही बघा.’’

‘‘तीच तर अडचण आहे,’’ मी म्हटलं.

त्या ह्यांच्याकडे बघायला लागल्या. हे म्हणाले, ‘‘लोक गाडी घेताना जागा बघतात, हिला दाटी हवीय. माझ्याकडे बघू नका, मी नुसता सोबत आलोय.’’

बाबांच्या गाडीची मागची सीट चार फुटांना दोन बोटं कमी होती. हळदी गाडीची बरोब्बर तेवढीच भरली. ते जुनं माप मला कुठून मिळालं, ते पुढे सांगते.

टेप गुंडाळली आणि मागे मधोमध बसून बघितलं. दारं लावून घेतली. नव्या गाडीचं दार लागलं की बाहेरचं सगळं एकदम गप्प होतं. काचेपलीकडे हे आणि त्या बाई बोलत होते, ओठ हलत होते, आवाज नव्हता. ऊन माझ्या मांडीवर येऊन पडलं होतं. आणि ताई, मी चक्क झोपले.

गाडी चालू होती. पुढे बाबांची मान आणि एक कान दिसत होता. आईचा अंबाडा वाऱ्याने सुटत आला होता. कुठे चाललो होतो कोण जाणे. झाडं मागे जात होती, पण सावकाश, कुणाचा तरी निरोप घेत घेत जावं तशी. तू तुझ्या खिडकीशी, काचेवर वाफ सोडून बोटाने घोडे काढत होतीस. दुसऱ्या कडेला आपला धाकटा, डुलक्या, गाडी सुरू झाली की मान टाकणारा. त्याची लाळ माझ्या बाहीवर, तुझं कोपर माझ्या बरगडीत. रेक्झिन मांड्यांना चिकटत होतं. कुणालाच हलायला जागा नव्हती आणि कुणाला हलायचंही नव्हतं. वळण आलं की तिघं मिळून एकीकडे कलायचो, मग दुसरीकडे. पोचूच नये असं वाटत होतं.

डोळे उघडले तर हे आणि त्या बाई दोघंही काचेला नाक लावून आत बघत होते. ‘‘सीट आरामाची आहे म्हणायची,’’ बाई म्हणाल्या.

आता आईचं. फोनवर मी ‘आई बरी आहे’ एवढंच सांगितलं. बरी आहे, पण मागच्या महिन्यात बाथरूममध्ये पडली आणि किती तरी वेळ तशीच पडून होती. शेजारणीने दार वाजवलं म्हणून कळलं. तुला सांगायला माझी जीभच रेटली नाही. आता ती माझ्याकडे राहायला यायला तयार आहे. अट एकच. ‘‘तिघं एका गाडीतून न्यायला या. वेगवेगळी येणार असाल तर मी इथेच बरी.’’ समजावून समजावून मी थकले. तू तिचीच मुलगी, तेव्हा तिचा हट्ट तुला वेगळा सांगायला नको.

म्हणून मी डुलक्याकडे गेले. त्याचं नाव वाचून पत्र खाली ठेवू नकोस. बाबा गेल्यावर महिन्याभरात त्याने तुला न विचारता त्यांची गाडी भंगारात दिली, हे तुझ्या जिव्हारी लागलं. मलाही लागलं होतं. तेव्हापासून ‘त्याला सांग’, ‘तिला विचार’ करत तुमच्या मध्ये मी बसलेय. पण त्या दिवशी त्याच्या बाल्कनीत पाऊल टाकलं आणि मी जागच्या जागी थबकले. तिथे आपली मागची सीट आहे. तू पेन्सिलीने पाडलेलं भोक तसंच, आणि त्यातून काथ्या डोकावतोय.

‘‘गाडीचा तळ गंजून गेला होता गं,’’ तो म्हणाला. ‘‘मला वाटलं, पटकन देऊन टाकली की सुटेन. त्या भंगारवाल्याने सीट ओढायला हात घातला आणि मी ओरडलोच. मग आम्ही दोघांनी ती जिन्यावरून वर आणली.’’

‘‘मग ताईला का नाही सांगितलंस?’’

‘‘तिने फोन उचलला नाही. नंतर माझं धाडस झालं नाही. तूही सांगू नकोस.’’

तिथेच मी टेप काढून माप घेतलं. तो रोज तिथे बसून चहा पितो. त्याच्या कडेचं रेक्झिन पार झिजलंय. तुझ्या खिडकीकडचं अजून चकचकीत आहे, तिथे तो कुणाला बसूच देत नाही. मी मध्ये बसले. बोलता बोलता त्याची मान माझ्या खांद्यावर आली. केस पिकलेत गं त्याचे.

इतकी वर्षं मी तुमचे सगळे निरोप इकडून तिकडे पोचवले. हा एक पोचवू नकोस असं तो म्हणाला होता, तोच आज पोचवला.

हळदी गाडी मी नक्की केलीय. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी आईला आणायचं. डुलक्या येतोय. हे घरी थांबून तिची खोली लावतील. तू ये. तू आली नाहीस तर ती निघणार नाही, आणि पुढच्या वेळी शेजारीण वेळेवर दार वाजवेलच असं नाही. मला भीती वाटते, ताई. आणि आईचं निमित्त नसतं तरी मला तुम्ही दोघं एकत्र हवे आहात, हेही लिहूनच टाकते.

गाडी मी चालवणार. आई माझ्या शेजारी. तिचं शिलाई मशीन डिकीत मावत नाही, मी मोजून बघितलंय. ते मागे एका खिडकीशी ठेवावं लागेल. उरल्या दोन जागा, दुसरी खिडकी आणि मधली. मध्ये कोणी बसायचं ते मी ठरवणार नाही आणि कुणाचा निरोपही नेणार नाही, माझं लक्ष रस्त्यावर असेल. तुमचं तुम्ही बोलून ठरवा.

आरसा तेवढा मी मागच्या सीटवर वळवून ठेवीन.

या वेळी मध्ये नसलेली,
तुझी मधली