काकडीच्या जोरावर

पिशोर, ता. कन्नड
२ एप्रिल २०२५

तीर्थरूप सोमनाथमामांना,
मंजुषाचा शि. सा. न. वि. वि.

फोन केला तर टपालखात्यातल्या मामाचा अपमान होतो, म्हणून पत्र लिहितेय. आईकडून कळलं की डॉक्टरांनी तुमचा गुडघा बघून सांगितलं, आधी पोट उतरवा, तोवर जड काही उचलायचं नाही. मामा, आपल्यात नवरीला मामानंच उचलून बोहल्यावर न्यायचं असतं. लहानपणी मला कडेवर घेऊन तुम्ही तसं कबूल केलंय. मेमध्ये लग्न आहे, दुसरा मामा मी कुठून आणू?

उपाय मी शोधलाय. मोबाइलवर वाचलं की काकडीतून शरीराला जेवढ्या कॅलरी मिळतात, त्याहून जास्त ती पचवायला खर्च होतात. म्हणजे खाऊनपण माणूस बारीक होतो. आपल्या शेतात ठिबकवर काकडी लई आलीय. दुधाच्या गाडीबरोबर पोतं पाठवतेय. मामींना नमस्कार, तुमचा लोभ आहेच.

तुमची मंजुषा

पडेगाव, छ. संभाजीनगर
१३ एप्रिल २०२५

चि. सौ. कां. मंजुषास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

पोतं पोचलं, पत्रही पोचलं. पिनकोड नव्हता, पण खात्यात आपली वट आहे.

सकाळी काकडी, दुपारी काकडी, रात्री काकडी. ठेचा-भाकरीकडं बघतसुद्धा नाही. तुझा हिशोब खरा असेल तर जितकी जास्त खाईन तितका बारीक होईन, म्हणून पोटात जागाच ठेवत नाही. पट्ट्याला नवं भोक पाडलं. तुझी मामी म्हणते, तोंड उतरलंय. मी म्हणालो, पोट उतरायच्या वाटेवर तोंड लागतंच.

सराव म्हणून रोज गव्हाचं पोतं उचलतो, डॉक्टरांना सांगू नकोस. आधी कमरेपर्यंत यायचं, आता गुडघ्यापाशीच अडतं. तुझी रूपामामी गुपचूप त्यात गहू भरत असावी, तिचा काही भरवसा नाही. तू निर्धास्त राहा. लोभ वाढवावा, आणि जमल्यास आणखी काकडी पाठवावी.

तुझा मामा

पडेगाव
२२ एप्रिल २०२५

ती. दगडावन्संना,
रूपाचा नमस्कार वि. वि.

तुमच्या भावाला आता तुम्हीच आवरा. काल पूजेवरून उठताना घेरी आली आणि यांनी देव्हाराच धरला. तसंच दवाखान्यात नेलं. आहार सांगणाऱ्या बाईंनी सगळं ऐकून हसू कसंबसं दाबलं. त्या म्हणाल्या, कुठलंही खाणं पचवायला त्यातला थोडासाच भाग खर्च होतो. काकडीत कॅलरी कमी असतात हे खरं, पण ती पचवायला त्याहूनही कमी लागतात. हे वाळले ते काकडीनं नाही, भाकरी सोडल्यानं. पोटाबरोबर दंडातली ताकदही गेली.

पोत्यात मी गहू भरते असा माझ्यावर आळ आहे. वन्सं, मी तर त्यातूनच दळणाला काढतेय.

यांना भीती एकच, तुमच्या मंजूला उचलता आलं नाही तर. झोपेतसुद्धा हात वर करतात. मला हसू येतं आणि मागोमाग रडूही येतं. माया आहेच, तशीच असू द्या.

तुमची रूपा

पिशोर
२५ एप्रिल २०२५

चि. सोमास,
अक्काचा आशीर्वाद.

एरवी मंजीकडून लिहून घेतलं असतं, पण भानगड तिचीबी हाय, म्हणून मीच बसले. रूपाचं पत्र वाचून तुझा राग आला, आणि मग घरात बघते तर काय, आमची नवरीबी काकडीवरच हाय. ब्लाऊज दोनदा आत घ्यायला लागला तवा समजलं. इचारलं तर म्हणती, मामाच्या गुडघ्याला तरास नको, मी हलकी झाले की त्यांना सोपं जाईल. तिकडं मामा वाळतोय, इकडं भाची वाळतीय. मांडवात दोघांनाबी मलाच उचलावं लागंल.

आरं, खाऊन अंग घटत असतं तर आमची शेळी दिवसभर चरल्यावर सांजच्याला खुंट्याला नुसतं दावं उरलं असतं.

आता ऐक. दोन्ही वक्त भाकरी, डाळ, भाजी. काकडी कोशिंबिरीपुरती. पोत्याला हात लावायचा नाय, सकाळी पायी फिरायचं. मंजीलाबी हेच फर्मान हाय. उचलता नाय आलं तर हाताला धरून ने, पण उपाशी मामा मला मांडवात नको. तुझ्याकडं लोभ काय मागू, माझा सगळा तू लहानपणीच घेतलास.

तुझी अक्का

सिल्लोड
२८ मे २०२५

तीर्थरूप मामांना,
सौ. मंजुषाचा शि. सा. न. वि. वि.

सौ. लिहिताना हात अडखळला. इथं सगळे चांगले आहेत. पहिल्याच दिवशी सासूबाईंनी ताटात काकडी वाढली आणि मला असं हसू फुटलं की सगळी हकिगत सांगावी लागली. आता सासरे जेवताना शेळीचीच आठवण काढतात.

लग्नाच्या सकाळी आईनं समोर बसून दोन भाकरी खाऊ घातल्या. तुम्ही आलात ते गुडघ्याला पट्टा आणि तेवढ्यापुरती डॉक्टरांची परवानगी घेऊन. तुम्ही उचललंत तेव्हा मी श्वास धरून ठेवला होता, त्यानं वजन कमी भरेल असं वाटून. अक्कल काही आली नाही, मामा. बोहल्याच्या पायरीशी तुमचा पाय थांबला. मी कानात म्हणाले, उतरवा, चालते मी. तुम्ही म्हणालात, गप बस, पोतं बोलत नसतं. आणि चढलात. अंतरपाटाआड मी हसतच उभी होते, यांना वाटलं आपल्यालाच हसतेय.

पाठवणीला रडले, ते सासरी जातेय म्हणून असं सगळ्यांना वाटलं. खरं तर ते रडू तुम्ही मला खाली ठेवलंत तेव्हाचं होतं. आता पुन्हा कुणी मला असं उचलून घेणार नाही, हे तेव्हा कळलं.

गुडघा कसा आहे ते कळवा. मामींना नमस्कार. वजन आहे तेवढं असू द्या, लोभ तेवढा वाढवा.

तुमचं पोतं,
मंजुषा