चंडोलीचा बाप

ताश्कंद, ४ मार्च १९७६

प्रिय थोमाईताई,

बाबा गेले. बुधवारी सकाळी, चहा पिता पिता. यादवीत हरून आमच्यासारखेच देश सोडून इथं आलेले बरेच ग्रीक इथल्या दफनभूमीत आहेत, त्यांच्याच शेजारी ठेवलं. गावी, तुमच्याकडे परतण्याचा परवाना शेवटपर्यंत आला नाही.

चार वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली, तेव्हापासून त्यांचं वाचणं-लिहिणं मीच करायचो. गावच्या शाळेत ते शिकवायचे ती जुन्या ग्रीकमधली गोष्ट आठवते तुला? पृथ्वी जन्मायच्याही आधी चंडोल पक्षीण होती. तिचा बाप मेला, पण पुरायला जमीनच नाही. पाच दिवस प्रेत तसंच. सहाव्या दिवशी तिनं त्याला स्वतःच्या डोक्यात पुरलं, म्हणून तिच्या डोक्यावर तो तुरा. या हिवाळ्यात माझ्या लेकीसाठी त्यांनी ती रशियनमध्ये करायला घेतली. ते सांगायचे, मी लिहायचो. पोर घाबरेल म्हणून मी ‘डोक्यात’च्या जागी ‘हृदयात’ लिहिलं. वाचून दाखवलं तर म्हातारा असा खवळला! “हृदयात काय, कुणीही पुरतं, गाढवा! तिनं डोक्यात पुरलं. आहे तसं लिही. गोड करायला तुला सांगितलं कुणी?” गिरणीतले रहीमजान तिथंच बसले होते. ते हसून म्हणाले, “मास्तर, आमच्या उझबेकीत काही अडत नाही. डोकं म्हणजे डोकंच!” आणि चार ओळींत उतरवूनही दिली. बाबा खूश झाले. मी मात्र उठून जिन्यात जाऊन उभा राहिलो.

का, ते सांगतो. तीन वर्षांपूर्वी आई गेल्याचं तुझं पत्र आलं. मी ते उघडतोय तोच बाबांनी विचारलं, “काय म्हणते तुझी आई?” चेहरा असा उजळलेला, की माझ्या तोंडून निघून गेलं, “बरी आहे. गुडघे दुखतात म्हणते.” मग सुटकाच नव्हती. तू पत्रं थांबवलीस, तरी मी कोरे कागद हातात धरून वाचत राहिलो. शेळी व्याली, अक्रोड चांगले लागले, आई तुमची वाट बघतेय.

शेवटच्या पत्रात तू लिहिलं होतंस, ‘बायको मेली, तरी त्याला दोन ओळी सुचल्या नाहीत. दगड आहे तो. माझा बाप नाही.’ ताई, दर महिन्याला ते आईला पत्र सांगायचे. मी लिहून घ्यायचो आणि पेटीत ठेवून द्यायचो. ती सगळी या पत्रासोबत पाठवतोय. त्यांच्या शेवटच्या पत्रात चंडोलीची गोष्ट आहे, आपल्या गावच्या बोलीत. आईला जुनं ग्रीक कळायचं नाही ना. ती नाही हे त्यांना कधी कळलंच नाही. राग धरायचाच तर माझ्यावर धर. पण त्यांना एकदा तरी बाबा म्हण.

तुझाच अपराधी भाऊ,
पास्खालिस