सांडव्यात उभा केलेला श्लोक

भातकुली, गणपती उठल्याचा तिसरा दिवस

चि. श्याम यास देवीदासमामाचे आशीर्वाद. मोर्णेच्या पुराचे पाणी तुमच्या गल्लीत शिरले नाही ना? ताईचा गुडघा, तुझे पित्त आणि तुझी इंजिनिअरकी, तिन्ही जागच्या जागी असोत.

आमच्या नाल्यावरचा बंधारा झाला. जादा पाण्याला वाट म्हणून तू त्यात बारा फुटी सांडवा आखला होतास आणि त्याच्या माथ्याची कड गोल ठेवायला सांगितली होतीस. पण पाणी समितीचा अध्यक्ष मी. (तीस वर्षे संस्कृत शिकवले म्हणजे पाण्यातलेही कळत असणार, असा गावाचा समज, मीही तो खोडला नाही.) जलस्तुतीचा एक श्लोक रचून शिळेवर कोरून घेतला. ती माथ्यावर आडवी बसवणार होतो, पण देववाणीवर पाय पडतील म्हणून नत्थुजी गवंडी अडून बसले. मग मी ती सांडव्याच्या मधोमध उभी करवली. चार फूट रुंद. तिला बूड टेकवायला तुझी गोल कडही चौकोनी केली. तू फोनवर बजावलेस, की वाट चार फुटांनी कमी होईल. मी म्हणालो, पाणी समजूतदार असते.

ते निघालेही समजूतदार. आडवे जाता येईना म्हणून उभे वाढले. बारा फुटांतून जे दीड फूट उंचीने गेले असते, ते आठ फुटांत दोन फूट चढले. त्यात गेल्या सालची कपाशीची वाळकी पऱ्हाटी वाहत येऊन माझ्या दुसऱ्या चरणाला अडकली, तेव्हा अडीच. हा फुगवटा मागे माणिकबाईंच्या झेंडूत शिरला. दसऱ्याच्या फुलांवर त्या बाईचे वर्ष चालते. आणखी दोन दिवस पाणी थांबले, तर मुळे कुजतील.

माणिकबाई घरी आल्या. चहा घेतला नाही. म्हणाल्या, "गुर्जी, पाण्याले संस्कृत येत नाई. त्याले वाट पायजे."

इतके नेमके भाष्य मी तीस वर्षांत ऐकले नव्हते.

पण शिळा काढू म्हटले तर गाव ऐकत नाही. मंत्र आहे, कोप होईल म्हणतात. मंत्र नव्हे, मीच रचलाय, हे तीनदा सांगितले. त्याने श्रद्धा वाढली. नत्थुजी तर तिला रोज हार घालतात, तोही झेंडूचा.

तेव्हा शिळा तत्काळ काढावी, असे पत्र तू सहीशिक्क्यानिशी पाठव.

तुझा देवीदासमामा

ता. क. पत्रात श्लोकाची स्तुती नको. ठेवून घेतील.

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार तोच निरोप आला. माणिकबाईंनी सकाळीच एकटीने सब्बल लावून शिळा पाडली. शेतातले पाणी उतरू लागले आहे, आणि गाव पारावर जमून चौकशी करत आहे. तरी पत्र पाठवच. शिळा अध्यक्षांनी तत्काळ काढवावी असे लिही, आणि तारीख कालची घाल, म्हणजे ती तुझ्या सांगण्यावरून मीच काढवली असे ठरेल. कोप व्हायचाच, तर कवीवर व्हावा.