दीड ते चार

१० नोव्हेंबर, सोमवार

आणखी तीन हजेऱ्या! आज म्हसळ्याच्या पोलीस ठाण्यात सही केली. हवालदाराने रजिस्टर पुढे सरकवत विचारलं, "काय पेंगासुर, बरंय ना?" बरंय म्हटलं. पूर्वी या नावाने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी स्वतः घेतलेलं नाव होतं 'सम्राट सुषुप्त'. केवढं भारदस्त! पण पेपरवाल्यांनी पेंगासुर केलं आणि पोरांच्या चित्रकथांत तेच छापलं गेलं – वर कपाळाला दोन शिंगं. शिंगं! मी साधी टोपीसुद्धा घातली नाही कधी.

सतरा, चोवीस आणि एक डिसेंबर. तीन सह्या, की तीन वर्षांची नजरबंदी संपली. अट एकच – गुणगुणायचं नाही. माझी ती खालच्या पट्टीतली गुणगुण चार मात्रा चालली की तीन कोसांत एक माणूस जागं राहत नाही, आणि झोपलेलं तीन तास उठत नाही. कानात कापूस घातला असेल तरच सुटका. त्या वीर सावधाने तेवढंच तर केलं – दोन पैशांचे बोळे! – आणि मला धरलं. आता तो टीव्हीवर गाद्यांची जाहिरात करतो. असो.

अट मी पाळलीय. गणपतीत आरतीला नुसत्या टाळ्या वाजवतो.

११ नोव्हेंबर

दिवसभर सुपारी सोलली. बोटंही सोलली. झकास दिवस.

१२ नोव्हेंबर

हे लिहून ठेवायला हवं, मुंबईत कुणाला सांगून पटणार नाही. या गावात दीड वाजला की सगळं बंद. रत्नपालच्या किराणा दुकानाच्या फळ्या लागतात. स्टँडवर चहावाली शकू बाकड्यावर आडवी होते. ग्रामपंचायतीचा शिपाई टेबलावर डोकं टेकतो. चारपर्यंत कुत्रंही मान वर करत नाही! नवीन आलो तेव्हा मला वाटलं, माझ्याच घशातून काही निसटतंय की काय. घाबरून तोंडाला रुमाल बांधून बसलो. रत्नपाल पोट धरून हसला. "अवो, आमच्या आज्याच्या काळापासून ह्ये असंच हाय! तुमचा काय संबंध न्हाय त्यात."

मी आयुष्यात पहिल्यांदाच निरुपयोगी ठरलो. इतकं बरं वाटलं!

खरं सांगायचं तर माझी गुणगुण मला स्वतःला लागू पडत नाही. तीस वर्षं जगाला झोपवलं आणि मी टक्क जागा. गोळ्या झाल्या, काढे झाले. इथे चौथ्या दुपारी भात आणि बोंबलाचं कालवण जेवून खाटेवर पाठ टेकली आणि चक्क घोरलो! उठल्यावर थोडा रडलोही. म्हणून हे गाव सोडायचं नाही. सुटका झाली तरी इथेच राहायचं. हे एकदा ठरलंय.

खोली सत्यवतीबाईंची. शाळेतून निवृत्त झाल्या, त्यामुळे सगळं गाव त्यांना बाईच म्हणतं. मी येणार म्हणून ग्रामसभा भरली होती, खोली कोण देणार विचारलं तेव्हा एकट्या बाईंनी हात वर केला. मी त्यांची वाडी शिंपतो, सुपारी बघतो. बाईंचं बोलणं मोजकं. पण चार वाजता चहा आला नाही असा एक दिवस नाही.

गावाला माझं सगळं ठाऊक आहे. कुणी घाबरत नाही. घाबरायचं कशाला? अलिबाग झोपवलं, पेण झोपवलं, तिजोऱ्या फोडल्या – कबूल! पण आधी रस्ते बंद करायचो मी, अपघात नको म्हणून. कुणाला खरचटलंसुद्धा नाही माझ्या हातून. उलट दुपारची एक झोप फुकट मिळाली लोकांना.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मेलो!

आमच्यासारख्यांवर लक्ष ठेवायला मुंबईत एक कक्ष आहे, तिथे नव्या मॅडम आल्यात. भार्गवी मॅडम. तिशीच्या आत-बाहेर, आवाज सुरीसारखा. न कळवता आल्या. आणि आल्या कधी? दुपारी दोनला!

स्टँडवर शकू आडवी. ग्रामपंचायतीत शिपाई आडवा. आतल्या खोलीत सरपंच आडवे. रत्नपालला गदागदा हलवलं तर त्याने "उंऽऽ" करून कूस बदलली. झालं! मॅडमनी पर्समधून कापूस काढून कानांत कोंबला, पिस्तूल उपसलं आणि थेट माझ्या खाटेशी. मला जाग आली ती पिस्तुलाच्या नळीकडे बघत.

"अख्खं गाव! दिवसाढवळ्या! शरम नाही वाटत?"

"मॅडम, जेवणानंतरची आहे."

"काय?"

"झोप! रोजची!"

कानात कापूस, त्यांना ऐकू येईना. मी ओरडतोय, त्या ओरडतायत – आणि गाव उठेल तर शपथ! चारला सगळे डोळे चोळत बाहेर आले तोवर मॅडमचा पंचनामा तयार होता. शकू त्यांना समजवायला गेली, "बाय, आमी असंच झोपतो." मॅडम म्हणाल्या, झोपवलेल्या माणसाला तसंच वाटतं.

अटभंग सिद्ध झाला तर परत तुरुंग. सात वर्षं. तुरुंगात दुपारी झोपू देत नाहीत.

१५ नोव्हेंबर

जेवण गेलं नाही. झोप मात्र लागली. सवय वाईट.

१७ नोव्हेंबर, सोमवार

हजेरीला मॅडम स्वतः हजर होत्या. पण पोर तशी न्यायाची आहे. म्हणाल्या, शुक्रवारी तुम्ही दिवसभर इथे म्हसळ्याला बसायचं, मी गावात जाऊन बसते. तुम्ही नसतानाही गाव झोपलं तर तुमचं म्हणणं खरं. "पण गावात एक शब्द बोलायचा नाही. नाहीतर तुमच्यासाठी नाटक करतील ते."

बोलतो कशाला! मी मनातल्या मनात नाचलो. म्हणजे परीक्षेत विचारणार काय, तर गाव दुपारी झोपतं का! पास, पास, पहिल्या नंबराने पास!

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

हसावं की रडावं तेच कळत नाही. झालं ते क्रमाने लिहितो.

मला ठाण्यात बाकावर बसवलं. दोनच्या सुमाराला तिथेही डुलकी लागली. अडीचला हवालदाराने उठवलं – फोन. रत्नपाल. मागे लाउडस्पीकर, शिट्ट्या, टाळ्या.

"महादेवराव! जिंकलो! एकाचा पन डोळा मिटला न्हाय!"

"कोणाचा?"

"गावाचा! बसल्यात मॅडम खुर्ची टाकून, लिवतायत भराभरा. तुमी काय काळजी करू नका!"

झालं असं की जीपचा ड्रायव्हर परवा रत्नपालच्या दुकानात तंबाखू घ्यायला थांबला होता. तो अर्धवट ऐकलेलं बोलून गेला – शुक्रवारी मॅडम गाव झोपतंय का ते बघणार, त्यावर महादेवचं सगळं ठरणार. गावाने बैठक घेतली. मला वाचवायचं, तर झोपायचं नाही! दीडपासून कबड्डीचे सामने ठेवले. बायकांची संगीतखुर्ची. शकूने चहाची पातेल्यामागून पातेली उतरवली. ऐंशीचे रामजीतात्या पेंगायला लागले तर दोघांनी दोन्ही बगलांत हात घालून त्यांना मैदानात फेऱ्या मारायला लावल्या. तात्या शिव्या घालत चालत होते म्हणे.

आणि मॅडमनी लिहिलं – संशयित गावाबाहेर, गाव टक्क जागं.

पिढ्यान्‌पिढ्या न मोडलेली झोप गावाने माझ्यासाठी मोडली! मी हसत सुटलो. हवालदारही हसायला लागला. मग त्याने मला पाणी दिलं.

२२ नोव्हेंबर

रत्नपाल सकाळीच येऊन माझ्यासमोर कपाळ बडवून घेत होता. मीच त्याला समजवलं. मग दहाजण उशा-चादरी घेऊन म्हसळ्याला गेले – आत्ता झोपून दाखवतो म्हणाले, इथेच, ठाण्याच्या आवारात! मॅडम म्हणाल्या, झोपेचं सोंग कुणालाही आणता येतं. उशा घेऊन परत आले.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सही केली. मॅडम म्हणाल्या, अहवाल वर पाठवते आहे, एक तारखेला बॅग घेऊनच या. आवाज खाली होता त्यांचा. "गाव चांगलं आहे हो तुमचं," असंही म्हणाल्या.

तुमचं म्हणाल्या.

२८ नोव्हेंबर

बाई सकाळच्या एसटीने म्हसळ्याला गेल्या. दाढ दुखते म्हणाल्या. वाडी शिंपून ठेवली.

३० नोव्हेंबर, रविवार

बॅग भरली. मी भरली कसली, गावाने भरली. शकूने सुक्या कोळंबीचे सोडे दिले, डबाभर. सरपंचांनी नवी चादर. रत्नपालने स्वतःची उशी आणली – "तुरुंगातली कडक असंल." एवढं मोठं गाठोडं घेऊन तुरुंगात जाणारा मीच पहिला असेन. रामजीतात्या मात्र अजून रागावलेत. त्या कबड्डीच्या शुक्रवारपासून पाय दुखतायत म्हणे.

खोटं कशाला लिहू, सकाळी जेट्टीकडे चाललो असताना मनात आलं होतं. चार मात्रा. नुसत्या चार! गाव झोपेल, जेट्टीवरचे झोपतील, एखादी होडी सोडून दिघीहून खाडीपलीकडे आगरदांडा गाठला की पुढे कोण शोधणार? ओठ मिटले, श्वास घेतला. समोरून रत्नपाल डोक्यावर ती उशी घेऊन येताना दिसला.

श्वास सोडून दिला. त्याची झोप त्याची त्यालाच येऊ दे.

वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय. पण तीन वर्षं दुपारी झोपलो, ती कोणी काढून घेणार नाही.

१ डिसेंबर, सोमवार

सुटलो!!!

बॅग, गाठोडं, उशी घेऊन ठाण्यात उभा राहिलो. मॅडमनी शिक्का मारलेला कागद पुढे केला. मला वाटलं वॉरंट. मुक्ततेचा होता! "माझी चूक झाली," म्हणाल्या, सरळ माझ्याकडे बघून. या वयात एवढं म्हणणं सोपं नाही. "तुमच्या घरमालकिणीने जबाब दिलाय. त्यांच्या परवानगीने ही नक्कल. घरी जाऊन नीट वाचा."

म्हणजे दाढ नव्हती दुखत! अहो बाई!

एसटी पावणेदोनला पोचली. स्वागताला कोण? कुणीही नाही. सगळे झोपलेले! गाठोडं उतरवायला कंडक्टरने मदत केली. मी आनंदाने खाटेवर पडलो तो थेट चहालाच उठलो. मग फटाके, गुलाल, रत्नपालचं भाषण. उशी त्याला परत केली, घेईना. नक्कल वाचायची राहिली. उद्या वाचतो.

२ डिसेंबर

वाचली. बाईंचं शाळेतलं अक्षर आहे. उतरवून ठेवतो.

"माझ्या माजघराच्या खिडकीतून महादेवरावांची खाट दिसते. तीन वर्षं रोज दीड ते चार मी त्या खिडकीत जागी बसते. ते गुणगुणले असते तर मीही झोपले असते. एकदाही झोपले नाही. ते घोरत असतात.

त्यांनी अलिबाग झोपवलं त्या दुपारी मी दवाखान्यात यजमानांच्या उशाशी होते. जाग आली तेव्हा माझ्या हातातला हात गार पडला होता. ते कधी गेले, कुणाला हाक मारली का, हे कुणीच सांगू शकलं नाही. तिथे जागं कुणी नव्हतं. तेव्हापासून दुपारी माझा डोळा लागत नाही.

खोली दिली ती पाळत ठेवायला. पुन्हा एकदा केलं की धरून द्यायचं होतं. मॅडम पिस्तूल घेऊन आल्या तेव्हाही मी खिडकीत होते. गप्प बसले. त्यांची झोप मोडली याचं बरं वाटलं. पण खोटं माझ्याच्याने होत नाही. त्यांनी हे केलेलं नाही."

दुपारी आडवा झालो नाही.

चारला बाई चहा घेऊन आल्या. "बाई..." म्हटलं. त्यांनी कप ठेवला.

"उद्या दीडला माझ्याकडे या. आमचे हे कसे होते ते सांगायचंय तुम्हाला. तीन तास लागतील."

पायरी उतरल्या आणि थांबल्या.

"जेवून येऊ नका. झोपाल."